आईच्या मामांचं नाव शोधत इटलीत: सात माणसांनी फिरायचं कसं?

आईनं तिच्या थोरल्या मामांना कधी पाहिलं नाही. ते १९४३च्या नोव्हेंबरात इटलीत लढताना गेले, आणि आईचा जन्म १९४९चा. घरात त्यांची खूण म्हणजे पत्र्याच्या पेटीतलं एक पदक, पेन्शनचा पिवळा पडलेला कागद आणि आजीच्या तोंडचं एक वाक्य: "दादा सांगरूला राहिला." आम्हा मुलांना वाटायचं, कोल्हापूरकडचं सांगरूळ असणार. तो सांग्रो असून इटलीतल्या एका नदीचं नाव आहे, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

मग जायचं ठरलं. आई ७६, बाबा ८०, दादा, मी, माझा नवरा आणि आमची दोन मुलं, ११ आणि ७ वर्षांची. दादानं एका रविवारी नकाशा काढून रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस अशी रेघ मारली. तिन्ही शहरांना वेगवान रेल्वे जोडते, तिकिटं आधी काढली की स्वस्त पडतात, आणि 'मधे एक दिवस मामांकडे' असा त्याचा हिशोब होता. तो चुकला, कारण मामा त्या रेघेवर नव्हतेच. ते डोंगराच्या पलीकडे होते. हा लेख त्या चुकीतून आला आहे. ज्यांच्या घरातलं कुणी दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलं आणि परत आलं नाही, अशा महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी तो लिहितेय. अशी घरं सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, अहिल्यानगर सगळीकडे आहेत.

पहिली पायरी: नाव कुठे कोरलंय?

गाडी, रेल्वे, बस हा सगळा विचार त्यानंतर. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांची सूची फुकट शोधता येते. तिथे आडनाव, पलटण आणि वर्ष घालून बघा. इंग्रजांनी नावं ऐकू आली तशी लिहिली आहेत, त्यामुळे जाधव, पवार, शिंदे यांची दोन-तीन स्पेलिंगं करून पाहावी लागतात. मराठा हा शब्दही तिथे त्या काळच्या स्पेलिंगनं, 'म्हराटा' वाटावं असा येतो. जिल्हा शोधताना जुनी नावं आठवा: आजचा रायगड म्हणजे कुलाबा, आजचा सिंधुदुर्ग रत्नागिरीत, सांगलीकडचा बराच भाग साताऱ्यात. आमच्याकडे पेन्शनच्या कागदावर शिपाई क्रमांक होता, त्यानं काम पाच मिनिटांत झालं. तुमच्याकडे असा काही कागद असेल तर तो आधी शोधा. घरातली पेटी पुन्हा एकदा उघडण्यात एक दुपार गेली तरी चालेल.

नोंद सापडली की ती तीनपैकी एका प्रकारची निघते, आणि पुढचा सगळा प्रवास त्या प्रकारावर ठरतो.

एक, समाधी. स्मशानभूमीचं नाव, विभाग, रांग आणि क्रमांक मिळतो.

दोन, दहनस्मारक. बरेच हिंदू आणि शीख सैनिक दहन केले गेले, त्यामुळे त्यांची समाधी नाही, नुसतं नाव आहे. इटलीत अशी तीन स्मारकं आहेत: सांग्रो, रिमिनी आणि फोर्ली. सांग्रोच्या स्मारकावर ५००हून अधिक नावं आहेत. त्यांत आमचे मामा.

तीन, बेपत्ता. देह सापडला नाही किंवा ओळखला गेला नाही, अशा ४,०००हून अधिक राष्ट्रकुल सैनिकांची नावं रोमच्या दक्षिणेकडच्या कासिनो गावातल्या स्मारकावर आहेत. नाईक यशवंत घाडगे यांचंही नाव तिथेच. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा २२ वर्षांचा मुलगा. १० जुलै १९४४ला तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीतले सगळे पडल्यावर तो एकटा मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला. गोळ्या संपल्या तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानं लढला, आणि तिथेच मारला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. म्हणजे बघा, लढाई मध्य इटलीतल्या उम्ब्रिया प्रांताच्या डोंगरात आणि नाव तिथून दोन-अडीचशे किलोमीटरवरच्या कासिनोत. घाडगे यांच्यासारखं कुणी तुमच्या घरातलं असेल तर 'जिथे लढले' आणि 'जिथे नाव आहे' या दोन वेगळ्या जागा आहेत आणि दोन्हींना जायचं का, हे पुण्यात बसूनच ठरवायला हवं.

दुसरी पायरी: देश आणि कोकण

इटलीचा नकाशा मला तेव्हा कळला जेव्हा मी तो सह्याद्रीसारखा पाहिला. मधोमध अपेनाइन डोंगरांची रांग. पश्चिमेला रोम, फ्लोरेन्स आणि नेपल्स. पूर्वेला अॅड्रिॲटिक समुद्र, त्याच्या काठानं पेस्कारा, अँकोना, रिमिनी. किनाऱ्याकिनाऱ्यानं किंवा डोंगराच्या एकाच बाजूनं फिरायचं असेल तर रेल्वे झकास. डोंगर ओलांडायचा म्हटलं की घाट आला, आणि घाटात रेल्वे कशी चालते ते आपल्याला सांगायला नको. रोम ते पेस्कारा रस्त्यानं साधारण २०० किलोमीटर. रेल्वेला साडेतीन-चार तास लागतात. रोमच्या तिबुर्तिना बस स्थानकावरून सुटणारी बस तेच अंतर तीन तासांच्या आत-बाहेर कापते. 'युरोप म्हणजे रेल्वे' ही आपली समजूत इथे पहिली गळून पडते.

आता जागा एकेक करून नकाशावर टाका.

कासिनो सगळ्यांत सोपं. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून नेपल्सकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावरची प्रादेशिक गाडी सुमारे दोन तासांत पोचवते. आरक्षण लागत नाही, भाडं ठरलेलं असतं. स्टेशनपासून युद्धसमाध्या दोनेक किलोमीटर. ४,२७१ सैनिक तिथे आहेत आणि वर डोंगरावर मोंते कासिनोचा प्रसिद्ध मठ. फक्त कासिनोच करायचं असेल तर रोममध्ये मुक्काम ठेवून एका दिवसात जाऊन यावं. गाडी भाड्यानं घेण्याचा विचारही करू नये.

सांग्रो अवघड. समाधीस्थान तोरिनो दी सांग्रो या गावाच्या हद्दीत, नदीवर नजर टाकणाऱ्या टेकडीवर. २,६१७ समाध्या आणि आत दहनस्मारक. पेस्कारा इथून ५० किलोमीटर उत्तरेला. किनाऱ्याच्या रेल्वेवर जवळ स्टेशन आहे, पण तिथे थोड्याच प्रादेशिक गाड्या थांबतात आणि पुढे चढ आहे. नकाशावर 'चालत' असं बटण दाबून मिळालेल्या मिनिटांवर विश्वास ठेवू नका. ती मिनिटं पंचविशीतल्या माणसाची असतात.

फोर्ली आणि रिमिनी हे बोलोन्या ते अँकोना या मुख्य रेल्वेमार्गावर. दर तासाला गाड्या. फोर्लीला भारतीय सैन्याचं वेगळं समाधीस्थान आहे आणि तिथल्या दहनस्मारकावर आठशेच्या जवळपास नावं. रिमिनीचं गुरखा समाधीस्थान शहराबाहेर सान मारिनोच्या रस्त्याला लागून. याच पट्ट्यात सेनिओ नदी. ९ एप्रिल १९४५ला तिच्या बांधावर नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना एकेक करून पाण्यातून वाहून आणलं आणि मग परत फिरून मशीनगनची ठाणी उडवली. निमजचा हा शिपाई व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन घरी परतला, म्हणून त्याचं नाव शोधायला कुठे जावं लागत नाही. नदी मात्र बघता येते.

मोंतोने हे उम्ब्रियातलं डोंगरमाथ्यावरचं तटबंदीचं गाव. इथे २०२३च्या जुलैत यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभं राहिलं. त्यावर लॅटिन वचन आहे, अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली. जवळचं रेल्वे स्टेशन उम्बेर्तिदे, पण ती छोट्या स्थानिक मार्गावरची रेल्वे, आणि तिथून वर चढायला वाहन लागतंच.

तिसरी पायरी: गुडघे आणि बॅगा मोजा

आम्ही माणसं सात, पण खरा हिशोब दोन जणांचा होता. बाबांचा डावा गुडघा, आणि आईची दर दीड तासाला स्वच्छतागृहाची गरज. हे बोलायला घरात संकोच होतो. नका करू. एका कागदावर प्रत्येकापुढे लिहा: सलग किती मिनिटं चालू शकतात, किती पायऱ्या चढू शकतात, किती वेळ बसू शकतात, गाडीत मळमळतं का, उन्हात काय होतं. युद्धसमाध्यांच्या जागी हिरवळ आणि दगड असतात, सावली जेमतेम. प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह असेलच असं धरून चालू नये. म्हणजे वाहन दारापर्यंत जाणं आणि तिथे थांबून राहणं ही चैन राहत नाही, गरज होते.

बॅगांचं गणित वेगळं. सात माणसं म्हणून दादानं सात आसनी गाडी बघितली. तिसरी रांग उघडली की मागे डिकी म्हणून जे उरतं त्यात दोन हातबॅगा मावतात. सात माणसांना नऊ आसनीच लागते, आणि चालकासह नऊ जणांपर्यंतची गाडी साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते. पण ती आपल्या ट्रॅव्हलरच्या धाकट्या भावाएवढी लांब असते, आणि इटलीतल्या जुन्या गावांच्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या. दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना वेगळं आसन सक्तीचं आहे, आमच्या दोघांनाही लागलं. ते गाडीसोबतच आगाऊ मागायचं. घरून न्यायच्या भानगडीत पडू नका.

चौथी पायरी: साधनं, आणि त्यांच्यातल्या खाचाखोचा

रेल्वेचे दोन प्रकार डोक्यात वेगळे ठेवा. वेगवान गाड्यांना आरक्षण असतं, भाव विमानासारखे वर-खाली होतात, आधी काढलेलं तिकीट स्वस्त पण बदलता येत नाही. प्रादेशिक गाडीचं भाडं महिनाभर आधी काढा नाहीतर पाच मिनिटं आधी, तेवढंच. त्यामुळे स्मारकाच्या दिवशी प्रादेशिक गाडीच धरावी. तिथे किती वेळ लागेल ते कुणालाच आधी ठाऊक नसतं. कागदी प्रादेशिक तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, मोबाइलवरच्या तिकिटाचं प्रवासाआधी चेक-इन करावं लागतं. हे विसरलात तर तिकीट हातात असून दंड. मोठ्या स्टेशनांवर 'साला ब्लू' नावाची मदतसेवा आहे. वयस्कर किंवा चालायला त्रास असलेल्या प्रवाशाला व्हीलचेअर, आणि गरज पडली तर गाडीत चढवणारी लिफ्टसुद्धा मिळते, तीही फुकट. आदल्या दिवशीच कळवून ठेवा. बाबा सुरुवातीला "मी काय पेशंट आहे का" म्हणून बसले होते. पहिल्या गाडीच्या तीन उंच पायऱ्या पाहिल्यावर गप्प झाले.

रेल्वे पास सात जणांना क्वचितच परवडतो. दोन लांब प्रवास आणि तीन छोटे एवढाच बेत असेल तर सुटी तिकिटं घ्या.

बस. लांबच्या बसचं वर सांगितलं. गावाकडच्या बसचं वेळापत्रक वाचताना तीन शब्द शिकून घ्या. 'फेरियाले' म्हणजे सोमवार ते शनिवार, 'फेस्तिवो' म्हणजे रविवार आणि सुटी, 'स्कोलास्तिको' म्हणजे फक्त शाळा चालू असताना. आपली एसटी जशी शाळा सुटायच्या वेळेला गावात येते आणि मे महिन्यात गायब होते, तसंच. कागदावर पाच फेऱ्या दिसतात, तुम्ही जाता त्या रविवारी एकही नसते. तिकीट बऱ्याच ठिकाणी आधीच तंबाखूच्या दुकानातून घ्यायचं असतं, पांढरा 'टी' लावलेली निळी-काळी पाटी शोधा. ज्येष्ठांसोबत गावाच्या बसवर स्मारकाचा दिवस टांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एकटे किंवा दोघे तरुण असाल तर जरूर करा, मजा येते.

स्वतः गाडी चालवणं. इथे थोडं थांबते, कारण आपल्याकडचे बहुतेक पुरुष इथूनच सुरुवात करतात.

भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आपल्या आरटीओतून मिळतो, अर्ज सारथी संकेतस्थळावर, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही सोबत हवाच. गाडी उजवीकडून चालते, गिअर उजव्या हातात, आणि चौकातल्या गोल चक्रात आधीपासून असलेल्याला वाट द्यायची. बहुतेक भाड्याच्या गाड्या हातगिअरच्या. ऑटोमॅटिक हवी तर महिने आधी सांगा, आणि नऊ आसनीत ती मिळेल अशी आशा कमीच ठेवा. महामार्गावर कमाल वेग १३०, पावसात ११०, साध्या राज्यरस्त्यांवर ९०, गावात ५०. कॅमेरे जागोजागी. १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल अनेक रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा साखळ्या बंधनकारक. सांग्रोची लढाई नोव्हेंबरातली, म्हणून कुणी पुण्यतिथीला जायचं म्हटलं तर हे लक्षात ठेवावं.

जुन्या शहरांच्या मध्यभागी 'झेड-टी-एल' हा पट्टा असतो: पांढरी पाटी, तिच्यावर लाल वर्तुळ. परवानगीशिवाय आत गेलात की कॅमेरा नंबर टिपतो. कुणी अडवत नाही, शिट्टी वाजत नाही, तुम्हाला वाटतं सगळं सुरळीत झालं. मग परदेशी माणसाला ३६० दिवसांपर्यंत कधीही नोटीस येऊ शकते, आणि नाव-पत्ता कळवल्याचे पैसे गाडीवाली कंपनी वेगळे कापते. रस्ता दाखवणारं अॅप तुम्हाला बिनदिक्कत त्या पट्ट्यात नेतं. हॉटेल जुन्या गावात असेल तर गाडी बाहेर ठेवून चालत जा. पार्किंगच्या रेषा बघा: निळी म्हणजे पैसे, पांढरी म्हणजे बहुधा फुकट, पिवळी म्हणजे तुमच्यासाठी नाही.

टोलनाक्यावर पिवळी मार्गिका त्यांच्या फास्टॅगवाल्यांची, तिकडे शिरू नका. शिरलातच तर रिव्हर्स घेऊ नका. मदतीचं बटण दाबा, पावती निघते, १५ दिवसांत भरता येते. आपल्याकडे मागचा हॉर्न वाजवून वाट करून देतो. तिथे महामार्गावर उलटं जाणं हा गंभीर गुन्हा आहे.

आणि क्रेडिट कार्ड. आमची फजिती इथेच झाली. गाडी दादाच्या नावावर, चालवणार दादा, पण त्याच्याकडे डेबिट कार्ड. क्रेडिट कार्ड होतं माझ्या नवऱ्याच्या नावावर. काउंटरवरची मुलगी अतिशय गोड हसली आणि गाडी दिली नाही. अनामत रक्कम मुख्य चालकाच्याच नावच्या क्रेडिट कार्डावर अडकवली जाते, आणि ती दीड-दोन हजार युरोपर्यंत जाऊ शकते. कार्डाची मर्यादा आणि परदेशी व्यवहार चालू आहेत का, हे बँकेकडून निघण्याआधी बघून घ्या. आम्ही बाकड्यावर बसून नवऱ्याला मुख्य चालक केलं. त्याचा आंतरराष्ट्रीय परवाना होता म्हणून वाचलो. तुमच्याकडेही दोघांचे परवाने काढून ठेवा, हजार रुपयांत ही विमाछत्री स्वस्त आहे.

चालकासह गाडी. तिकडे याला 'एन-सी-सी' म्हणतात, आणि आपल्या शाळेतल्या एनसीसीशी त्याचा संबंध नाही, हे दादाला दोनदा सांगावं लागलं. ही टॅक्सी नव्हे. आगाऊ ठरवून घ्यायची गाडी. दिवसाचा भाव ऐकून पोटात गोळा येतो, पण तो सात जणांत भागून पाहा. त्यातून भाड्याची गाडी, इंधन, टोल, पार्किंग, विमा आणि घरातल्या एका माणसाचा अख्खा दिवस स्टिअरिंगमागे जाण्याची किंमत वजा करा. चालवणाऱ्यालाही त्या दिवशी शांतपणे उभं राहायचं असतं, हे आम्ही कुणी सुरुवातीला मोजलंच नव्हतं. भाव लेखी घ्या. विचारायच्या गोष्टी अशा: टोल-इंधन आत धरलंय का, थांबायचे तास किती, जादा तासाला काय, गाडी तिच्या मूळ गावी परत जाण्याचे पैसे वेगळे का, मुलांची आसनं आहेत का, चालकाला इंग्रजी येतं का. समाधीस्थानाचा पत्ता नुसता नावानं देऊ नका, नकाशावरचा बिंदू पाठवा. एकाच गावाजवळ गावचं स्मशान आणि युद्धसमाध्या अशा दोन जागा असतात, आणि स्थानिक माणूस भोळेपणानं तुम्हाला गावच्या स्मशानात नेऊन सोडतो.

साधी टॅक्सी लहान स्टेशनबाहेर उभी असेलच असं नाही. फोन करून बोलवावी लागते. ओला-उबरच्या सवयीनं अॅप उघडून खेड्यात गाडी मिळत नाही. उतरायच्या आधी हॉटेलवाल्याकडून दोन क्रमांक लिहून घ्या आणि परतीची वेळ जातानाच ठरवा.

पाचवी पायरी: मिसळ करा

पूर्ण प्रवास एकाच साधनानं करायचा हट्ट सोडला की गोष्टी जुळतात. आमचं शेवटी असं झालं.

रोममध्ये तीन रात्री, गाडी नाही. त्यातला एक दिवस प्रादेशिक रेल्वेनं कासिनो. मग तिबुर्तिनावरून बसनं पेस्कारा, मोठ्या बॅगा बसच्या पोटात. पेस्काराला स्टेशनच्या जवळ दोन रात्री, आणि मधला अख्खा दिवस चालकासह नऊ आसनी गाडी, फक्त सांग्रोसाठी. तिथून रेल्वेनं किनाऱ्याकिनाऱ्यानं फोर्ली, तीन तासांच्या आसपास. एका बाजूला समुद्र, मुलं खिडकीला चिकटलेली. फोर्लीला स्टेशनवरून दोन टॅक्सी करून समाधीस्थान.

आणि तिथून पुढे आम्ही स्वतः गाडी चालवली. ई-४५ हा रस्ता चेझेनाजवळून अपेनाइन ओलांडून थेट वरच्या तिबेर खोऱ्यात उतरतो, मोंतोनेच्या पायथ्यापासून पेरूजाकडे जातो. टोल नाही. डांबराचं म्हणाल तर आपल्या जुन्या गोवा महामार्गाची आठवण येईल असे काही टप्पे आहेत. पण घाडगे यांच्या स्मारकापर्यंत रेल्वेनं जायचं तर फोर्ली–बोलोन्या–फ्लोरेन्स–पेरूजा असा मोठा वळसा पडला असता, आणि शेवटी वाहन लागलंच असतं. मोंतोनेत गाडी तटाच्या बाहेर लावून वर चढायचं. बाबांना आम्ही आधी वर सोडलं, मग गाडी खाली आणली. पेरूजाला मुक्काम करून ओर्तेमार्गे रोम विमानतळ.

गाडी एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडण्याचे जादा पैसे लागतात. ते आधी विचारा. आमच्या बाबतीत ते परतीच्या पेट्रोलपेक्षा आणि एका वाया जाणाऱ्या दिवसापेक्षा स्वस्त पडले. शहरातल्या काही शाखा शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी बंद असतात, विमानतळावरच्या उघड्या असतात. म्हणून शेवटचं टोक विमानतळ ठेवा.

माझा ठोकताळा असा: मुख्य रेल्वेमार्गावर रेल्वे, घाट ओलांडायला बस, स्मारकाच्या मुख्य दिवशी चालक, आणि जिथे दोन-तीन आडवळणी जागा एकाच खोऱ्यात आहेत तिथेच स्वतःची गाडी. ज्येष्ठ नसतील आणि माणसं चारच असतील तर चालक काढून छोटी गाडी घाला. काटकसर करायची असेल तर रोमच्या रात्री कमी करा, चालकाचा दिवस कापू नका.

तारखांचा फास

१५ ऑगस्टला, आपल्या स्वातंत्र्यदिनी, स्मारकावर उभं राहायचं असं अनेकांच्या मनात येतं. आमच्याही आलं होतं. त्याच दिवशी इटलीत 'फेर्रागोस्तो' असतो, वर्षातली सगळ्यांत मोठी उन्हाळी सुटी. बस सुटीच्या वेळापत्रकानं, दुकानं बंद, किनाऱ्याचे रस्ते तुंबलेले, चालक मिळणं मुश्कील, वर ३५ अंशांचं ऊन. एप्रिलअखेर ते जूनचा पूर्वार्ध, नाहीतर सप्टेंबर. २५ एप्रिल हा त्यांचा मुक्तिदिन, गावोगावी कार्यक्रम असतात. तेव्हा जायचं असेल तर खोल्या लवकर धरा.

रेल्वेचे संप हा तिथला नेहमीचा पाहुणा. ते आधी जाहीर होतात, बरेचदा शुक्रवारी येतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक प्रादेशिक गाड्या संपातही चालवाव्या लागतात. स्मारकाचा दिवस शुक्रवारी ठेवू नका, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी विमान तर नकोच. एक दिवस मोकळा हवा.

काय न्यायचं, काय नाही

आईला गावची माती न्यायची होती. युरोपीय संघात बाहेरून माती नेता येत नाही. साताऱ्याचे कंदी पेढेही नाहीत, दुधाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. नारळाला मात्र तिथल्या नियमांत सूट आहे. विमान कंपनीचा नियम तेवढा वेगळा विचारा, आणि हातबॅगेत ठेवू नका. फुलं तिथेच घ्या. आई फुलवालीकडे शेवंतीकडे बोट दाखवत होती आणि मी तिला दुसरं काही सुचवणार होते. मग कळलं की इटलीत शेवंती हे मृतांनाच वाहायचं फूल आहे, वाढदिवसाला कुणी देत नाही. पहिल्यांदाच आमचं आणि तिथलं काहीतरी न विचारता जुळलं. फुलं आदल्या संध्याकाळी घ्या, कारण टेकडीजवळ दुकान नाही. पाण्याच्या बाटल्या, टोप्या, एक घडीची खुर्ची, ओले रुमाल गाडीत असू द्या. चालक थांबलेला असेल तर हे सगळं गाडीतच राहतं, खांद्यावर येत नाही.

समाधीस्थानात नोंदवही असते, सहसा प्रवेशाजवळच्या छोट्या पितळी दाराआड. तिथे नावापुढे बापाचं नाव आणि गाव लिहिलेलं सापडू शकतं, जे दगडावर नसतं. आम्ही चालकाला दोन तास सांगितले होते. मामांचं नाव दहा मिनिटांत सापडलं, नारळ-फुलं झाली, फोटो झाले, अर्धा तासही गेला नव्हता. मग आई खुर्चीवर बसली आणि थोरल्या नातवाला म्हणाली, "आता वहीतून मराठा पलटणीतल्या सगळ्यांची गावं वाच." तो अडखळत वाचत होता, ती दुरुस्त करत होती: कोरेगाव, खटाव, चिपळूण, पाटण, महाड. मधेच एखाद्या गावाला "इथे आपली सोयरीक आहे" म्हणायची. तीन तास वीस मिनिटं लागली. चालकासोबतच्या लेखी भावात जादा तासाचा दर आधीच ठरवला होता, म्हणून परतताना वाद झाला नाही. तुम्ही सुरुवातीलाच चार तास सांगा.